‘बस’ हा शब्द आला कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत जो शब्द तोंडात आल्याशिवाय सकाळ सरत नाही, त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. कॉलेजची पोरं विचारतात, वकील विचारतात, इलेक्ट्रिशियन विचारतात, एकदा आजोबा-नातवाचं भांडण मिटवण्यासाठीही विचारणा झाली. प्रश्न जवळपास आले तसेच ठेवलेत. तेच तेच दोनदा सांगायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा आकडा दिलाय.

१. ‘बस’ हा मुळात इंग्रजी शब्द आहे का? आणि तो पूर्ण आहे की कशाचा तरी तुकडा?

इंग्रजीने तो फ्रेंचकडून घेतला, फ्रेंचांनी लॅटिनमधून. आणि हो, तुकडाच आहे. पूर्ण शब्द ‘ऑम्निबस’. लॅटिनमध्ये ‘ओम्निस’ म्हणजे सर्व. त्याच्या चतुर्थीचं अनेकवचन ‘ओम्निबुस’, म्हणजे ‘सर्वांसाठी’. १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये ठरलेल्या रस्त्याने धावणाऱ्या आणि भाडं देईल त्याला आत घेणाऱ्या घोडागाडीला ‘सर्वांसाठीची गाडी’ म्हणू लागले. त्यातली ‘गाडी’ आधी गळाली, नुसतं ‘ऑम्निबस’ राहिलं. १८३०च्या दशकात लंडनकरांना तेही लांबलचक वाटलं, म्हणून त्यांनी डोकं उडवलं आणि शेपूट ठेवलं.

अर्थ होता तो उडवलेल्या भागात. ‘ओम्नि’ म्हणजे सर्व, ‘बस’ हा निव्वळ विभक्तीचा प्रत्यय. थांब्यावर कुणी ‘साठी आली, साठी आली, पळा’ असं ओरडावं, तशातला प्रकार. जगभरातल्या कितीतरी भाषा आज एका प्रत्ययात बसून कामावर जातात.

२. शाळेत संस्कृत घेतलं होतं. ‘रामेभ्यः’मधल्या ‘भ्यः’शी या ‘बस’चं काही नातं लागतं का?

लागतं, आणि जवळचं लागतं. संस्कृतचा ‘भ्यः’ आणि लॅटिनचा ‘बुस’ हे एकाच प्राचीन प्रत्ययाचे वंशज. शेजारी शेजारी ठेवून बघा: आपलं ‘पितृभ्यः’, त्यांचं ‘पात्रिबुस’. आपलं ‘मातृभ्यः’, त्यांचं ‘मात्रिबुस’. ‘भ्रातृभ्यः’ला ‘फ्रात्रिबुस’. घोकंपट्टी करताना तुमच्या लक्षात आलं असेल की संस्कृतात चतुर्थी आणि पंचमीचं अनेकवचन सारखंच असतं. लॅटिनमध्येही या प्रत्ययाचं तसंच आहे, ‘साठी’ आणि ‘पासून’ दोन्हीकडे एकच रूप.

म्हणजे ‘रामः रामौ रामाः’ म्हणत चौथ्या ओळीच्या शेवटी आपण बसचाच भाऊ घोकत होतो. एक काळजी घ्या: नातं प्रत्ययांचं आहे. ‘ओम्निस’ आणि ‘सर्व’ यांचं मूळ एक नाही. ‘सर्व’चा लॅटिनमधला नातेवाईक ‘साल्वुस’, म्हणजे धडधाकट, शाबूत.

३. एका टोपीवाल्याच्या दुकानावरून हे नाव पडलं अशी गोष्ट वाचली. खरी आहे का?

गोष्ट अशी. फ्रान्समधल्या नाँत शहराच्या कडेला स्तानिस्लास बोद्री नावाच्या माणसाची वाफेवर चालणारी पिठाची गिरणी होती. उरलेलं गरम पाणी वाया का घालवा, म्हणून त्याने तिथेच सार्वजनिक स्नानगृह काढलं. गिऱ्हाईक यावं म्हणून १८२६च्या सुमारास गावातून तिथवर घोडागाडी सुरू केली. थोड्याच दिवसांत त्याच्या ध्यानात आलं की लोक गाडीत बसतात पण आंघोळीला येतच नाहीत, मधेच उतरून आपापल्या कामाला जातात! आंघोळ बाजूला राहिली आणि गाडी हाच धंदा झाला. इथपर्यंत ठीक.

पुढचा भाग असा की गाडी जिथून सुटायची तिथे ओम्नेस आडनावाच्या माणसाचं टोप्यांचं दुकान होतं, आणि त्याने आपल्या आडनावावर कोटी करून पाटी लावली होती: ‘ओम्नेस ओम्निबुस’. अर्थ घ्याल तसा, ‘सगळ्यांसाठी ओम्नेस’ किंवा ‘सगळे सगळ्यांसाठी’. त्यावरून गाडीला नाव पडलं म्हणतात.

माझं मत विचाराल तर पाटीचा भाग मागाहून चिकटलेला वाटतो. ओम्नेस हे फ्रान्सच्या ब्रिटनी भागातलं खरं आडनाव आहे, त्यामुळे अशक्य काही नाही. पण त्या काळी शाळेचं तोंड पाहिलेल्या फ्रेंच माणसाला लॅटिन येतच असे. ‘सर्वांसाठी’ हा शब्द सुचायला त्याला टोपीवाला कशाला हवा?

४. पण सार्वजनिक गाडी तर त्याआधी पास्कालने काढली होती ना? गणितवाल्या पास्कालने?

त्यानेच. मार्च १६६२ मध्ये ब्लेझ पास्कालच्या कल्पनेतून पॅरिसमध्ये ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या वेळी सुटणाऱ्या गाड्या सुरू झाल्या. भाडं पाच सू, म्हणून नावच ‘पाच सूंच्या गाड्या’. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पास्काल गेला आणि पंधरा-एक वर्षांत गाड्याही बंद पडल्या.

त्या बसच होत्या, पण ‘ऑम्निबस’ नव्हत्या. पॅरिसच्या न्यायसभेने सैनिक, नोकरचाकर आणि मजूर यांना त्यात चढायला बंदी केली होती. धंदा बुडण्याचं हेही एक कारण सांगतात. ज्यांना खरी गरज त्यांनाच खाली ठेवलं, मग चढणार कोण? बोद्रीच्या गाडीच्या नावात ‘सर्वांसाठी’ मुद्दाम का सांगावं लागलं, ते यावरून कळतं.

५. लंडनची पहिली बस कधी धावली?

४ जुलै १८२९, पॅडिंग्टन ते बँक ऑफ इंग्लंडचा परिसर. मालक जॉर्ज शिलिबीअर. तीन घोडे एका रांगेत जुंपलेले, आत वीस-बावीस माणसं, भाडं एक शिलिंग. गाड्या बांधण्याचा धंदा त्याने पॅरिसमध्ये पाहिला होता, शब्दही तिथूनच आणला आणि गाडीच्या अंगावर ठळक रंगवला. काही काळ लोक गाडीलाच ‘शिलिबीअर’ म्हणत. पुढे स्पर्धेत त्याचं दिवाळं निघालं आणि तो अंत्ययात्रेच्या गाड्यांच्या धंद्यात शिरला, मग त्या गाड्यांना ‘शिलिबीअर’ म्हणू लागले. नशीब आपलं की टिकला तो प्रत्यय. नाहीतर आज वडाळा आगारात शिलिबीअर लागल्या असत्या.

६. मुंबईत बस आणि ‘बस’ हा शब्द कधीपासून?

मुंबईत मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी सुरू झाली, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. त्याआधी अर्धं शतक मुंबई ट्रामची होती: ९ मे १८७४ पासून घोड्यांची ट्राम, कुलाबा ते पायधुनी, आणि १९०७ पासून विजेची. बस आली तेव्हा शहराला ‘ट्राम’ म्हणायची सवय जडलेली, आणि बस म्हणजे जरा महागातली, मोटारवाल्यांची वस्तू. १९३७ मध्ये डबलडेकर आली. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली, त्यानंतर रस्त्यावर बसचंच राज्य.

जुन्या डिझेल डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये निरोप घेऊन गेल्या. वरच्या मजल्यावरची पुढची सीट ज्यांनी कधी पकडली नाही त्यांना काय गमावलं ते सांगून कळायचं नाही. आताच्या वातानुकूलित विजेच्या डबलडेकरमध्ये ती सीट आहे, खिडकीतून तोंडावर येणारा वारा नाही.

७. ‘बेस्ट’ म्हणजे उत्तम असंच ना?

नाव तसं जुळून आलं खरं, पण ती आद्याक्षरं आहेत. १९०५ सालच्या खासगी कंपनीच्या नावात ‘बॉम्बे’, ‘इलेक्ट्रिक सप्लाय’ आणि ‘ट्रामवेज’ होतं. ७ ऑगस्ट १९४७ रोजी ती महापालिकेकडे आली, आणि पुढे ‘ट्रामवेज’च्या ‘टी’वर ‘ट्रान्सपोर्ट’ बसलं. १९९५ मध्ये ‘बॉम्बे’च्या ‘बी’वर ‘बृहन्मुंबई’ आलं. दोनदा नाव बदललं पण एक अक्षर हललं नाही. मराठीत पूर्ण नाव ‘बृहन्मुंबई विद्युत पुरवठा आणि परिवहन उपक्रम’. यातल्या ‘विद्युत’कडे लक्ष असू द्या, प्रश्न ११ मध्ये लागेल.

८. ‘बस झालं’ मधलं बस आणि ‘खाली बस’ मधलं बस यांचा याच्याशी संबंध?

काहीच नाही. तीन बस, तीन घराणी.

‘बस’ किंवा जोर देऊन ‘बस्स’, म्हणजे पुरे, हे फारसीतून आलं. जुन्या फारसीत त्याचं रूप ‘वसिय’, अर्थ ‘पुष्कळ’. पुष्कळ झालं म्हणजे पुरे झालं, असा अर्थ सरकत गेला.

‘बसणे’ मात्र घरचं. संस्कृत ‘उपविश्’ झिजत झिजत ‘बैसणे’ झालं आणि त्याचं ‘बसणे’. ज्ञानेश्वरीत ‘बैसणे’च भेटतं, आणि गावाकडे आजी अजून ‘बैस की वाईच’ म्हणते. ‘बैठक’ त्याच मुळाची, आणि ‘अधिवेशन’मधला ‘विश्’ही तोच.

आता ‘बस, त्या बसमध्ये बस’ या वाक्यात फारसी, लॅटिन आणि संस्कृत हातात हात घालून उभ्या आहेत. मराठी शिकणाऱ्या परदेशी पाहुण्याला हे वाक्य पहिल्याच दिवशी सांगू नका.

९. आमच्या वसईकडे जुनी माणसं ‘बास्ता’ म्हणतात. ‘बस’ पोर्तुगीज तर नाही?

पोर्तुगीजमध्ये ‘बास्ता’ म्हणजे पुरे, हे बरोबर. आवाजही जुळतो, अर्थही जुळतो. तरी ‘बस’ तिथून आलेलं नाही. ते फारसी, आणि पोर्तुगीज ज्या मुलखात कधी फिरकले नाहीत तिथल्या भाषांतही ते आहे. ‘बास्ता’चं मूळ वेगळं. दोन परक्या माणसांचे चेहरे सारखे असतात कधी कधी, तसंच.

१०. विजेच्या पॅनेलमधल्या ‘बसबार’ला बस का म्हणतात? आमचे मिस्त्री म्हणतात, करंट त्यात बसून जातो म्हणून.

मिस्त्रींचं उत्तर खोडावंसं वाटत नाही, पण खरं कारण याहून सरळ आहे. कोणत्याही जुन्या सोसायटीच्या मीटररूममध्ये डोकावा. भिंतीवर लोखंडी पेटी, आत तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या, लाल-पिवळा-निळा टेप गुंडाळलेला. मुख्य केबल या पट्ट्यांवर येते आणि तिथून प्रत्येक मीटरला वेगळी वायर फुटते. एकच पट्टी, सगळ्यांसाठी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी इंजिनिअर तिला ‘ऑम्निबस बार’ म्हणत. गाडीच्या नावाला जी कात्री लागली तीच इथे लागली आणि ‘बसबार’ उरलं.

११. म्हणजे ‘बेस्ट’कडे दोन प्रकारच्या बस आहेत?

अगदी! कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतच्या बेटावरच्या मुंबईला वीज पुरवते बेस्ट, आणि तिच्या प्रत्येक उपकेंद्रात बसबार आहेत. रस्त्यावर लाल बस, आत तांब्याची बस. दोन्हींचं काम तेच, एकदम पुष्कळांना घेऊन जाणं आणि जागोजागी उतरवणं. हे एका लॅटिन शब्दाचे दोन धंदे आहेत, आणि ते एकाच उपक्रमाच्या छताखाली असणं ही मुंबईचीच ऐट.

१२. यूएसबीमधला ‘बी’ बसचाच का?

बसचाच. पूर्ण रूप ‘युनिव्हर्सल सिरियल बस’, पहिली आवृत्ती १९९६. संगणकात प्रोसेसर, मेमरी आणि बाकीचे भाग यांना जोडणाऱ्या सामाईक तारांच्या समूहाला ‘बस’ म्हणतात, आणि हा शब्द थेट विजेच्या बसबारवरून उचललेला (प्रश्न १०). प्रत्येक दोन भागांमध्ये स्वतंत्र तार ओढायची म्हटलं तर तारांचं जंगल होईल, म्हणून सगळ्यांसाठी एकच रस्ता.

१९७०च्या सुमारास एका अमेरिकन कंपनीने तर आपल्या पीडीपी-८/ई संगणकातल्या या रचनेचं नावच ‘ऑम्निबस’ ठेवलं होतं. म्हणजे कापलेलं डोकं पुन्हा चिकटवलं. बाकी ‘युनिव्हर्सल’ म्हणजेही सार्वत्रिक, तेव्हा यूएसबीच्या नावात ‘सर्वांसाठी’ दोनदा आहे. तरीही पिन पहिल्या फटक्यात बसेल तर शपथ.

१३. बसचा कंडक्टर आणि विजेचा कंडक्टर, हाही योगायोग नाही ना?

नाही. लॅटिनमध्ये ‘कोंदुकेरे’ म्हणजे सोबत घेऊन जाणं. प्रवासी नेतो तो कंडक्टर, वीज नेतं ते कंडक्टर. मराठी पाट्यांनी ही जोडी छान राखली आहे: बसमध्ये ‘वाहक’, शास्त्राच्या पुस्तकात ‘विद्युतवाहक’. सरकारी मराठीला नावं ठेवायची फॅशन आहे, पण हा शब्द अचूक बसलाय.

वाहकाची भाषा तर त्याहून आटोपशीर. छताखालून पुढपर्यंत गेलेली दोरी, एक टण् म्हणजे थांब, दोन टण् म्हणजे चल. गर्दीत अडकलेला वाहक तिकिटाच्या पैशांची मोड मोजता मोजता वर न बघता ती दोरी बरोबर ओढतो. चालकाने आरशात पाहायचीही गरज पडत नाही.

१४. अमेरिकेत हॉटेलातल्या पोऱ्याला ‘बसबॉय’ म्हणतात. त्याचा बसशी काय संबंध?

वेटरच्या हाताखालच्या पोऱ्याला पूर्वी ‘ऑम्निबस’ म्हणत. टेबल पुसा, खरकटी ताटं उचला, पाणी भरा, जे पडेल ते काम. सर्व कामांसाठीचा तो ऑम्निबस. मग ‘ऑम्निबस बॉय’, मग ‘बसबॉय’. त्यावरून टेबल आवरण्याला अमेरिकन इंग्रजीत ‘टेबल बस करणं’ म्हणतात. गाडीशी संबंध नाही, गाडीच्या आजोबांशी आहे.

१५. लायब्ररीत ‘ऑम्निबस’ नावाची जाडजूड पुस्तकं असतात ती?

एकाच लेखकाच्या तीन-चार कादंबऱ्या एका बांधणीत. सगळं एकत्र, म्हणून ऑम्निबस. त्याच अर्थाने अनेक असंबद्ध विषय एकत्र कोंबलेल्या विधेयकाला ‘ऑम्निबस बिल’ म्हणतात. अमेरिकेत १८५०च्या तडजोडीच्या वेळी हेन्री क्ले याने मांडलेलं विधेयक याच नावाने ओळखलं जातं. सगळे विषय एका गाडीत घातले, गाडी पडली, मग ते एकेक करून सुटे मंजूर करून घ्यावे लागले.

१६. माझ्या मोठ्या गाडीच्या आरसी बुकवर ‘ऑम्नी बस’ लिहून आलंय. आरटीओची चूक आहे का? मी तर ती घरच्यांसाठी घेतली.

चूक नाही, घाबरू नका. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात ‘ऑम्निबस’ची व्याख्याच अशी आहे: चालक सोडून सहापेक्षा जास्त माणसं नेण्यासाठी बांधलेलं किंवा तसं बदलून घेतलेलं वाहन. घरच्यांसाठी असलं तरी आसनं जास्त असतील तर कागदावर ते ऑम्निबस, कंसात खासगी वापर. जगात इतरत्र जुनापुराणा झालेला हा पूर्ण शब्द आपल्या कायद्यात रोज वापरात आहे. तामिळनाडूत तर खासगी लांब पल्ल्याच्या गाड्यांना लोक सर्रास ‘ऑम्नीबस’ म्हणतात.

मारुतीची ‘ओम्नी’ आठवली असेलच. निम्म्या मुंबईची पोरं तिच्यात कोंबली जाऊन शाळेत गेली. तिच्या नावात शब्दाचा पुढचा भाग आणि बेस्टच्या गाडीला मागचा, अशी वाटणी झाली.

१७. लॉ कॉलेजला आहे. ‘क्लॅफमच्या ऑम्निबसमधला माणूस’ कोण?

इंग्लिश कायद्यातला काल्पनिक समंजस माणूस. निष्काळजीपणा झाला की नाही हे ठरवताना न्यायालय विचारतं, साधारण अक्कल असलेला, फार शहाणा नाही आणि फार मूर्खही नाही, असा माणूस या जागी कसा वागला असता? क्लॅफम हे दक्षिण लंडनचं उपनगर, आणि तिथल्या बसने कामाला जाणारा माणूस हा त्याचा नमुना. १९०३च्या एका निकालात हा शब्दप्रयोग लॉर्ड बोवेन यांच्या नावावर नोंदला गेला आहे. भारतीय वकिलांच्या तोंडीही तो ऐकू येतो.

मुंबईसाठी त्याचं रूपांतर करा अशी मागणी आली आहे. ‘विरार फास्टमधला माणूस’ सुचवला गेला, पण संध्याकाळी सहानंतर दादरला दारात उभा असलेला माणूस समंजस राहील याची हमी कोणतं न्यायालय घेईल? आपण ‘सी-लिंक बंद असताना माहीम कॉजवेवर बसमध्ये बसलेला माणूस’ घेऊ. तो निदान बसलेला तरी आहे.

१८. ‘मिस्ड द बस’ म्हणजे संधी हुकली. हे कुणी पहिल्यांदा म्हटलं?

पहिला कोण ते सोडा, सगळ्यात महागात पडलेला वापर सांगतो. ४ एप्रिल १९४० रोजी ब्रिटनचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन यांनी भाषणात सांगितलं की हिटलरची बस चुकली. पाच दिवसांनी, ९ एप्रिलला, जर्मनीने डेन्मार्क आणि नॉर्वेवर चाल केली. पुढच्याच महिन्यात चेंबरलेन यांचं पद गेलं.

मराठीत ‘बस चुकली’ म्हटलं की बहुधा खरोखरच बस चुकलेली असते. संधी हुकली हे सांगायला आपण ‘गाडी सुटली’ म्हणतो.

१९. सिलॅबस, कोलंबस, रिबस, निंबस यांतही ‘बस’ आहे. सगळे एकाच कुळातले?

चारांतला एकच, रिबस. शब्दाऐवजी चित्रं काढून ओळखायला लावायचं कोडं म्हणजे रिबस. लॅटिन ‘रेस’ म्हणजे वस्तू, ‘रेबुस’ म्हणजे ‘वस्तूंनी’, शब्दांऐवजी वस्तूंनी सांगितलेलं. प्रत्यय तोच, प्रश्न २ मधला. तेव्हा रिबस ही बसची सख्खी चुलत बहीण.

निंबस म्हणजे लॅटिनमध्ये ढग, त्यातलं ‘ब’ धातूचंच आहे. कोलंबसचं मूळ इटालियन आडनाव कोलोंबो, म्हणजे कबुतर. ‘कोलुंबुस’ हे त्याचं लॅटिन रूप.

सिलॅबसची कथा सगळ्यात भारी. ग्रीकमध्ये ‘सित्तुबा’ म्हणजे ग्रंथाच्या गुंडाळीला लावायची चामड्याची चिठ्ठी. रोमन वक्ता सिसेरोच्या पत्रांमधल्या या शब्दाचं एक रूप पंधराव्या शतकातल्या छापील प्रतींमध्ये चुकीचं वाचलं गेलं आणि ‘सिलॅबस’ जन्माला आला. अभ्यासक्रम हा शब्दच मुळात छपाईची चूक आहे, हे ऐकून दहावीच्या पोरांना जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो.

आणखी एक नेहमी विचारतात: ‘ब्लंडरबस’, म्हणजे जुनी रुंद नळीची बंदूक. ती डच ‘डोंडरबुस’, गडगडाटी बंदूक. बसशी नातं नाही.

२०. मिनीबस, ट्रॉलीबस, एअरबस यांत मग ‘बस’ काय म्हणून?

इथे उलट प्रवास झाला. प्रत्यय शब्द बनला होता, तो पुन्हा प्रत्ययासारखा वापरायला लागले. ‘पुष्कळ माणसं नेणारं’ एवढा अर्थ घेऊन तो कशालाही जोडता येतो. तारेवरून वीज घेणारी ट्रॉलीबस मुंबईतही होती, १९६२ ते १९७१, गोवालिया टँक ते माझगाव. वयस्कर मंडळींना डोक्यावरच्या त्या तारा आठवतात.

२१. रोझा पार्क्सची बस आणि अमेरिकन बातम्यांतलं ‘बसिंग’ एकच का?

दोन्हींत बस आहे आणि वर्णभेद आहे, म्हणून गल्लत होते. १ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंनी गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिला, त्यातून ३८१ दिवसांचा बसवरचा बहिष्कार उभा राहिला. ‘बसिंग’ नंतरचं आणि शाळांचं. गोऱ्या-काळ्या वस्त्यांमधल्या मुलांना बसने एकमेकांच्या शाळांत पाठवून शाळा मिश्र करायच्या, याला सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये मान्यता दिली आणि १९७४ पासून बोस्टनमध्ये त्यावरून मोठा गदारोळ झाला. नावात ‘सर्वांसाठी’ असलेल्या गाडीत कोण कुठे बसणार, हा वाद पास्कालच्या काळापासूनचा (प्रश्न ४).

२२. बस, एसटी, लक्झरी, कोच. नेमका फरक काय?

मुंबईच्या तोंडी ‘बस’ म्हणजे बेस्टची. गावी जाते ती ‘एसटी’, राज्य परिवहनची, जिची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. खासगी, पुशबॅक सीटची ती ‘लक्झरी’ किंवा नुसती ‘ट्रॅव्हल्स’. आणि मुंबईत ‘गाडी’ म्हणाल तर समोरचा लोकलच समजेल: ‘गाड्या लेट आहेत’ याचा बसशी काडीचा संबंध नसतो.

‘कोच’ हा शब्द हंगेरीतल्या कोच या गावावरून आला, तिथल्या घोडागाड्या नावाजलेल्या होत्या. विद्यार्थ्याला परीक्षेच्या पार नेऊन सोडतो म्हणून शिकवणाऱ्यालाही इंग्रजीत कोच म्हणू लागले. दादरच्या क्लासवाल्यांच्या जाहिराती या अर्थाने अजून घोडागाडीच्याच आहेत.

२३. ‘बस’चं अनेकवचन काय? बसेस, बसा, बशी? आणि इंग्रजीत ‘ऑम्निबाय’ म्हणायचं का?

इंग्रजीचं आधी. ‘ऑम्निबाय’ म्हणू नका. लॅटिनच्या ‘-उस’चं ‘-ई’ होतं ते प्रथमेच्या एकवचनाचं. ‘ओम्निबुस’ आधीच अनेकवचन आहे, तेही चतुर्थीचं. त्याचं पुन्हा अनेकवचन करायचं तर साधं इंग्रजी पद्धतीने. ‘बसेस’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधे एकच ‘एस’ लावा. दोन ‘एस’चं ‘बस’ हा जुन्या इंग्रजीत चुंबनासाठीचा वेगळाच शब्द आहे.

मराठीत खरी पंचाईत. बस स्त्रीलिंगी, कारण ‘गाडी’ स्त्रीलिंगी. मराठीत अशा शब्दांना दोन वाटा आहेत. ‘वीट’चं ‘विटा’ होतं त्या वाटेने गेलो तर ‘बसा’. पण ‘स्टॉपवर बसा आल्या’ म्हटलं तर कोण आल्या आणि कोणाला बसायला सांगताय तेच कळेना. दुसऱ्या वाटेने, ‘म्हैस’चं ‘म्हशी’ होतं तसं, ‘बशी’. मग ‘बशीत गर्दी होती’ आणि चहा कुठे ओतायचा?

म्हणून लोकांनी इंग्रजी अनेकवचनच उचललं, ‘बसेस’, आणि त्याला मराठी प्रत्यय लावून ‘बसेसना’, ‘बसेसमध्ये’ केलं. बोलताना ते चालतं. लिहिताना मी ‘बसगाड्या’ लिहितो, प्रत्यय लावायला सोपं जातं. मथळ्यात जागा कमी असेल तर ‘बस’ दोन्ही वचनांना खपतं: ‘पावसामुळे बारा बस वळवल्या’. वाचकाला बारा बशा दिसत नाहीत.